चुन्याची निवळी आणि अंतराळयान

विंचूरच्या वाइन पार्कात द्राक्षांचा रस आंबतो तेव्हा 180 ग्रॅम साखरेमागे 88 ग्रॅम कार्बन डाय ऑक्साइड वायू निघतो. हवा खेळवल्याशिवाय अशा टाकीत उतरणे जिवावर बेतते. हाच वायू आपण प्रत्येक जण श्वासावाटे दिवसाला सुमारे एक किलो बाहेर टाकतो. ओसरीवर त्याचे काही वाटत नाही. अंतराळयानाची खिडकी मात्र उघडता येत नाही!

मग तो शोषायचा कशाने? शाळेत फुंकर मारून चुन्याची निवळी दुधाळ होते, ती पाहिली असेल. चुना चालला असता, बरं का. पण हिशेब पाहा. 44 ग्रॅम वायूला विरी गेलेला चुना 74 ग्रॅम लागतो, लिथियम हायड्रॉक्साइड अवघे 48. तिघांच्या दहा दिवसांना चुना सुमारे पन्नास किलो, तर हे तेहतीस.

एप्रिल 1970 मध्ये अपोलो 13 ची प्राणवायूची टाकी फुटली. तिघे चंद्रावर उतरायच्या छोट्या यानात आसऱ्याला गेले. तिथले शोषक डबे दोघांपुरते, गोल. मुख्य यानातले शिल्लक डबे चौकोनी! जमिनीवरच्या इंजिनियरांनी रेडिओवरून युक्ती सांगितली. पुठ्ठा, प्लॅस्टिकच्या पिशव्या, नळी आणि चिकटपट्टी यांनी जोड बसवला, तेव्हा कुठे वायूचे प्रमाण उतरू लागले.