खापरपणजोबांचा ठावठिकाणा

सातारच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या जुन्या नोंदवहीत ७ नोव्हेंबर १९०० या तारखेला, १९१४ या क्रमांकासमोर 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव आहे. पुढे त्या मुलाची सही आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शाळाप्रवेशाचा हा अस्सल पुरावा. याच नोंदीमुळे महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस ठरला. घराण्याचे मूळ आडनाव मात्र सकपाळ, आणि गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. गावावरून आंबडवेकर झाले आणि शाळेत आंबेडकर. नुसते 'आंबेडकर' हे आडनाव धरून कोणी जुनी दप्तरे उलटली, तर आजोबा मालोजी सकपाळ त्याच्या हाती लागणार नाहीत.

पूर्वजांचा शोध घेणाऱ्याने पहिली गाठ बांधायची ती हीच. आडनाव ही फारशी पक्की खूण नव्हे. गायक-नट दीनानाथांचे मंगेशकर हे आडनावही गोव्यातल्या मंगेशी गावावरून आले. वडिलांकडचे घराणे हर्डीकरांचे. जुन्या कागदांत माणूस ओळखला जाई तो स्वतःचे नाव, बापाचे नाव, हुद्दा किंवा वतन आणि गाव यांवरून. त्यातले गाव सगळ्यांत मोलाचे, कारण नोंदी ठेवल्या जात त्या गाववार.

गाव कळते घरातूनच. श्राद्धविधीत तीन पिढ्यांची नावे घेतात, ती सांगणारे कोणी ना कोणी घरात असते. आत्याला किंवा चुलतआजीला विचारले तर कोण कुठल्या गावची, कोणाला कुठे दिली, हे ती घडाघडा सांगते. जुन्या लग्नपत्रिका, जन्मपत्रिका, शाळा सोडल्याचे दाखले हे तर कागदच झाले. पण माळ्यावरच्या पितळी हंड्या-पातेल्यांवर कोरलेली नावे आणि तारखाही तितक्याच बोलक्या असतात. हे सगळे जमवून, ज्ञात पिढीपासून एकेक पायरी मागे जायचे. एकदम शिवकाळात उडी मारून तिथून खाली उतरू पाहणारा बहुधा दुसऱ्याच्याच घराण्यात जाऊन पोहोचतो.

पुढची पायरी तहसील कचेरीची. स्वातंत्र्यपूर्व काळातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी गावोगावच्या 'कोतवाल बुका'त, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये सापडतात. शाळांच्या प्रवेश-निर्गम नोंदवह्या हा त्यांना जोडून येणारा आधार. आणि ज्यांची जमीन होती वा आहे, त्यांच्यासाठी सातबारा आणि फेरफार.

सातबाऱ्यावर नावांच्या आसपास वर्तुळात किंवा कंसात काही आकडे असतात. हे फेरफारांचे क्रमांक. त्यातला एक क्रमांक घेऊन फेरफार नोंदवही उघडली की अमुक खातेदार अमुक तारखेस मयत झाला, त्याचे वारस मुलगे, मुली आणि बायको असे, त्यांची वये एवढी, अशी ओळ मिळते. तिथून आधीचा क्रमांक, आणि आणखी आधीचा. अशा साखळीने अधिकार अभिलेख सुरू झाले तिथपर्यंत, म्हणजे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत जाता येते. त्यामागे ब्रिटिश मोजणीच्या वेळची कडई पत्रके आणि पाहणी पत्रके आहेत. यांतले बरेच कागद आता स्कॅन झाले असून महाभूमीच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर शुल्क भरून घरबसल्या पाहता येतात.

या कागदांची भाषा एकदा कळली की ते भराभर वाचता येतात. 'तुकोजी बिन संताजी' म्हणजे संताजीचा मुलगा तुकोजी. 'वलद'चा अर्थही तोच. 'कोम' म्हणजे अमुकची बायको, 'अ. पा. क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता, आणि 'ए. कु. मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. ही शेवटची तीन अक्षरे दिसली की समजावे, नाव एकाचे असले तरी त्यामागे भाऊ आहेत आणि त्यांच्या शाखा वेगळ्या शोधायला हव्यात.

फेरफारांत आणखी एक गोष्ट हाती लागते, ती म्हणजे घरातल्या बायकांची नावे. छापील वंशावळींत मुलग्यांपुढे मुलगे येतात. मुली गळतात, सुना गळतात. वारसनोंदीत मात्र विधवेचे आणि मुलींचे नाव घ्यावेच लागते, विशेषतः १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर. लग्न होऊन कुठल्या गावी गेली, हेही अनेकदा तिथेच लिहिलेले असते. कित्येक लेकींचे नाव वारस म्हणून लागते आणि लगेच पुढच्या फेरफारात हक्कसोडपत्राने कमी होते. हक्क गेला, तरी नाव कागदावर राहिले. वंशवृक्ष काढणाऱ्याने ते उचलून त्याच्या जागी लिहिलेच पाहिजे.

एकोणिसाव्या शतकात शिरताच मोडी आडवी येते. शब्द न तोडता, ह्रस्व-दीर्घाचा भेद न करता, सलग ओढलेली ही लिपी स्वातंत्र्यानंतर शाळांतून गेली आणि आपलेच कागद आपल्याला परके झाले. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तरात कोट्यवधी मोडी कागद रुमालांत बांधलेले आहेत. इनाम कमिशनपुढे इनामदारांनी मांडलेल्या कैफियती आणि वंशावळीही तिथे आहेत. वतनांच्या तंट्यांत गोतसभेने केलेल्या महजरांवर, म्हणजे निवाड्याच्या कागदांवर, सामान्य गावकरीही भेटतात: पाटलाची निशाणी नांगर, न्हाव्याची आरसा, शेट्याची तराजू. अक्षर न येणाऱ्या माणसाने आपल्या हत्याराचे चित्र काढून साक्ष दिलेली असते. कालगणनाही जुळवून घ्यावी लागते: शकात ७८, दख्खनी फसलीत सुमारे ५९० आणि सुहूर सनात सुमारे ५९९ मिळवले की इसवी सन येतो.

मोडीची ही निकड २०२३ मध्ये साऱ्या राज्याने पाहिली. मराठा समाजातल्यांना कुणबी जातीचे दाखले देता यावेत म्हणून जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. निजामकालीन खासरा पत्रकांपासून तुरुंगांच्या नोंदवह्यांपर्यंत सगळे धुंडाळले गेले, आणि मोडी वाचणारी माणसे जिल्ह्याजिल्ह्यांत शोधावी लागली. पणजोबांच्या नावापुढचा एक शब्द पणतवाचा दाखला ठरवू शकतो, हे घरोघर कळले.

सरकारी दप्तराबाहेरही ठेवा मोठा आहे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वह्या आहेत. गाव आणि आडनाव सांगितले की तीर्थयात्रेला आलेल्या पूर्वजाच्या हातची नोंद निघते. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी बैलावर बसून येतात आणि घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची नावे सांगतात. गोव्यात चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यूच्या पुस्तकांत घराणी सापडतात.

समुद्रापलीकडेही मराठी नावे आहेत. १८३४ नंतर साडेचार लाखांच्या आसपास भारतीय करारबद्ध मजूर मॉरिशसला उतरले. त्यांत रत्नागिरीकडची, मुंबई बंदरातून निघालेली मराठी कुटुंबेही होती. प्रत्येकाला क्रमांक मिळाला. मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटच्या संग्रहात त्या क्रमांकासमोर बापाचे नाव, वय, जात, जिल्हा, गाव आणि जहाज लिहिलेले असते. पुढच्या काळातल्या कित्येकांचे छायाचित्रही असते. तिथे अनेकदा मजुराचे पहिले नावच पुढच्या पिढ्यांचे आडनाव झाले. म्हणून कोकणातले गाव शोधत येणाऱ्या मॉरिशसवासीयाला आडनावापेक्षा तो क्रमांक आणि ते गाव अधिक उपयोगी पडते.

मिळेल ते मात्र पारखून घ्यावे. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची आपली रीत असल्याने दोन वेगळी माणसे सहज एक होतात. दोन पिढ्यांत साधारण पंचवीस-तीस वर्षांचे अंतर आहे का, गाव तेच आहे का, दुसऱ्या कागदाने दुजोरा मिळतो का, हे पाहावे. राजघराण्याशी एका उडीत नाते जोडून देणारी आयती वंशावळ कोणी विकत देऊ केली, तर ती घेऊ नये. प्रत्येक नावापुढे ते कुठल्या कागदावरून घेतले, हे लिहून ठेवावे.

कोतवाल बुकांची पाने आज अनेक ठिकाणी हात लावताच तुटतात, आणि नावे तोंडपाठ असणारी पिढी ऐंशीच्या पुढे गेली आहे. पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो. घरातल्या एकाने तरी ते करावेत. त्याआधी या सुट्टीत गावी गेल्यावर घरातल्या सर्वांत वयस्क बाईजवळ बसून तिच्या माहेरची आणि सासरची माणसे गावांसकट लिहून घ्यावीत.