नीळ आणि तांबडा: तंजावरच्या रंगीत कापडामागील रसायन

प्रस्तावना

तंजावरच्या मराठा राजघराण्यासाठी कोडाली करुप्पूर या गावात एक खास साडी तयार होत असे. सुती कापड विणतानाच त्यात जरीची नक्षी भरली जाई आणि नंतर त्यावर मेण व वनस्पतिज रंगांचे काम होई. १८५५ मध्ये शेवटचे राजे शिवाजी पुरुष वारसाविना निवर्तले, कंपनी सरकारने राजपद संपुष्टात आणले आणि या कलेचा राजाश्रय गेला. आज ही साडी मुख्यतः वस्तुसंग्रहालयांत पाहायला मिळते.

कोरोमंडल किनाऱ्यावरच्या अशा कापडांबाबत एक मूलभूत प्रश्न पडतो. सगळे कापड रंगात बुडवले, तरी रंग हव्या त्याच जागी कसा बसतो? तांबड्या आणि निळ्या रंगासाठी याचे उत्तर अगदी उलट आहे.

तांबडा: हवा तिथे तुरटी

तांबडा रंग चायवेर या वनस्पतीच्या मुळांतून मिळे. त्यातील ॲलिझरीन हे रंगद्रव्य सुतावर स्वतःहून पक्के बसत नाही. त्याला रंगबंधक लागतो. म्हणून कापडाला आधी हिरड्याचे पाणी देतात आणि कलमाने तुरटीच्या द्रावणाची नक्षी काढतात. नंतर कापड मुळांच्या काढ्यात उकळतात. तुरटीतील ॲल्युमिनियम, ॲलिझरीन आणि धागा यांचा बंध जिथे जुळतो, तिथेच पक्का तांबडा रंग येतो. इतरत्र लागलेली फिकट छटा धुऊन व उन्हात वाळवून काढली जाते. तुरटीऐवजी लोहाचे द्रावण वापरले, तर हिरड्यातील टॅनिनमुळे काळा रंग मिळतो.

निळा: नको तिथे मेण

नीळ गुळीच्या झुडपापासून मिळते. तमिळमध्ये तिला अवुरि म्हणतात. तमिळनाडूत तिंडिवनम परिसरात तिची लागवड होते. पानांत निळा रंग नसतो, इंडिकन हा रंगहीन पदार्थ असतो. कापलेली झुडपे हौदात भिजवली की विकरांमुळे इंडिकनचे विघटन होऊन इंडॉक्सिल तयार होते. ते पाणी घुसळले की हवेतील ऑक्सिजनमुळे निळीचा गाळ बसतो. तो आटवून, दाबून व वाळवून वड्या करतात.

पण नीळ पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे माठात चुना आणि उकडलेले टाकळ्याचे बी घालून ती आंबवतात. जिवाणूंमुळे निळीचे क्षपण होते आणि ती पिवळसर हिरव्या रूपात विरघळते. कापड बाहेर काढताच हवेने ती पुन्हा निळी होऊन धाग्यात अडकते. गडद छटेसाठी कापड पुनःपुन्हा बुडवतात.

इथे रंगबंधक लागत नाही, म्हणजेच द्राव पोचेल तिथे निळा रंग बसतो. त्याला अडवायचे तर नको त्या जागी मेण लावावे लागते. मेण उष्णतेने वितळते. म्हणून निळीचा माठ कोमटच ठेवतात आणि मुळांच्या काढ्यात उकळण्यापूर्वी मेण काढून टाकतात. रंगकामाचा क्रम असा रसायनानेच ठरतो. फ्रेंच धर्मोपदेशक कूर्दू यांनी १७४२ च्या पत्रात किनाऱ्यावरील ही प्रक्रिया नोंदवली आहे.

‘नैसर्गिक’ म्हणजे काय?

१८९७ मध्ये जर्मनीतील बीएएसएफ कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली. तिचा मुख्य रेणू वनस्पतिज निळीचाच आहे. मग फरक कुठे? गुळी हे शेंगावर्गीय पीक असल्याने जमिनीला नत्र मिळते आणि हौदातील चोथा खत म्हणून वापरता येतो. मात्र वनस्पतिज रंग आपोआप निर्धोक ठरत नाही. त्यासोबत क्रोमियमचा रंगबंधक वापरला, तर सांडपाणी घातकच असते. म्हणून रंगाबरोबर रंगबंधक आणि पाणी यांचीही चौकशी करावी.

समारोप

करुप्पूर कलमकारी चित्रांना २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हा मान चित्रकलेचा आहे. जरीच्या साडीसाठी मात्र विणकर, चित्रकार व रंगारी एकत्र राबावे लागत. रंगाची कृती लिहून टिकवता येते; असा मेळ आश्रयाविना टिकणे अवघड असते.

स्वाध्याय

१. निळीसाठी तुरटीची नक्षी का चालत नाही?
२. निळ्यावर पिवळा देऊन हिरवी पाने रंगवायची आहेत. मेण कोणत्या टप्प्यावर लावाल व केव्हा काढाल?