आत घेता येणाऱ्या यंत्ररचना : अडसराचा प्रश्न

कामाच्या वेळी बाहेर यावा व एरवी आत राहावा, अशी योजना केलेला भाग बॉलपेनपासून विमानाच्या चाकांपर्यंत पुष्कळ ठिकाणी आढळतो. अशा रचनेत भाग हलविणे हेच मुख्य कार्य होय, असे प्रथमदर्शनी वाटते. वस्तुतः तो दोन्ही टोकांस निश्चल राखणे आणि तो तेथे पोचल्याची खात्री करून घेणे, हे अधिक कठीण असते.

निसर्गातील उदाहरण मांजराच्या नख्यांचे आहे. लवचीक बंध नख्यांना विनाश्रम आत धरून ठेवतात. स्नायूंचे बळ खर्च होते ते त्या बाहेर काढताना. अर्थात जी स्थिती दीर्घकाळ टिकवावयाची, ती शक्तिव्ययावाचून टिकावी, हे येथील सूत्र होय.

विमानाच्या बाबतीत हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून वेगवान विमानांत चाके पोटात घेतात. सेस्ना १७२ सारख्या मंदगती विमानांत मात्र या लाभापेक्षा वाढणारे वजन व खर्च हेच भारी ठरतात. सबब तेथे चाके बहुधा कायमची बाहेरच असतात.

चाके हलविण्याचे काम सामान्यतः तेलाच्या दाबावर चालणारा दट्ट्या करतो. परंतु उतरताना बसणारा धक्का त्याच्यावर सोपवीत नाहीत. चाकाच्या खांबास सांध्याने जोडलेल्या दोन दांड्यांचा आधार असतो. हा सांधा सरळ रेषेच्या किंचित पलीकडे जाऊन अटकावावर टेकला, म्हणजे येणारा भार त्यास दुमडण्याऐवजी अधिकच घट्ट बसवितो. दाब नाहीसा झाल्यास अनेक विमानांत वरची खिटी सोडून चाके स्वभाराने खाली पडू देतात. पुढचे चाक बहुधा पुढच्या दिशेने आत जाते. त्यामुळे ते सुटताच समोरचा वारा त्यास मागे रेटून जागी बसवितो.

तथापि अडसर बसला, हे वैमानिकास कळलेही पाहिजे. २९ डिसेंबर १९७२ रोजी ईस्टर्न एअरलाइन्सच्या ट्रायस्टार विमानाचे चाक खाली येऊन पक्के बसले होते. जळून गेला होता तो केवळ सूचक दिवा. त्याच्या तपासात गुंतलेल्या वैमानिकांस घटत्या उंचीचे भान राहिले नाही. विमान मियामीनजीकच्या दलदलीत कोसळून १०१ जण मृत्युमुखी पडले. सारांश, सूचकासही यंत्ररचनेचे अंग मानूनच तिचा विचार करावयास हवा.