परवाना म्हणजे मालकी नव्हे

पांढुर्णा-सौसरच्या संत्राबागांतील एक व्यवहार आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. व्यापारी बागेत येतो, झाडावरील फळ पाहतो आणि आंबिया किंवा मृग बहाराचा सौदा ठरवतो. पैसे मोजल्यावर त्या बहाराची फळे त्याची होतात. झाडे आणि जमीन मात्र बागायतदाराचीच राहतात. संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा व्यवहारही याच जातीचा आहे; परंतु ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानी येते.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाचे सर्व भाग चालवणारी मूळ आज्ञावली. दुकानदार विंडोजसाठी पैसे देतो, तेव्हा तो ती आज्ञावली विकत घेत नाही. काही अटींवर ती वापरण्याची अनुज्ञा घेतो. हाच परवाना होय.

विंडोजचा परवाना प्रामुख्याने तीन मार्गांनी मिळतो. नव्या यंत्रासोबत आलेला परवाना त्या यंत्राशीच बांधलेला असतो. यंत्र निकामी झाले की तोही संपतो. स्वतंत्रपणे घेतलेला परवाना दुसऱ्या यंत्रावर नेता येतो, परंतु एका वेळी एकाच यंत्रावर वापरता येतो. संस्थांना अनेक यंत्रांसाठी एकत्रित परवाना मिळतो. मात्र तो बहुधा सुधारित आवृत्तीचा असल्याने प्रत्येक यंत्रावर मूळ परवाना आधी असावाच लागतो.

अनेक संगणक जोडणाऱ्या सर्व्हरचा हिशेब निराळा आहे. विंडोज सर्व्हरसाठी मूळ परवान्याखेरीज, त्याचा उपयोग करणाऱ्या माणसांचे किंवा यंत्रांचे प्रवेश-परवाने घ्यावे लागतात. समजा, सहा कारकून पाळीपाळीने दोनच यंत्रांवर काम करतात. तेथे यंत्रांचे दोन परवाने पुरतात. उलट, एकच मनुष्य तीन यंत्रे हाताळत असेल, तर त्या माणसाचा एक परवाना घेणे लाभाचे.

बाजारात अत्यल्प किमतीत नुसते सांकेतिक क्रमांक विकले जातात. बागेच्या फाटकाची किल्ली हाती आली म्हणजे बहार आपला झाला काय? क्रमांकाने संगणक चालेल, पण परवाना सिद्ध होणार नाही. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात संगणकाची आज्ञावली साहित्यकृतीतच गणली जाते. अनधिकृत प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर धंद्यासाठी किंवा नफ्यासाठी नसेल, तर न्यायालय कैद टाळू शकते; व्यापाऱ्यास ती सवलत नाही.

ज्यास हा खर्च परवडत नाही, त्याने चोरीची वाट धरण्याचे कारण नाही. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिनक्सचा आरंभ केला. तिच्या परवान्याने ती वापरण्यास, तिच्या प्रती करण्यास आणि तीत बदल करण्यास मोकळीक आहे. बदललेली प्रत इतरांस दिल्यास मूळ संहिताही द्यावी, ही अट. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या शासकीय संस्थेने लिनक्सच्याच आधारे ‘बॉस’ ही भारतीय ऑपरेटिंग सिस्टीम सिद्ध केली आहे.

विद्यार्थी मित्रहो, घरच्या दुकानासाठी संगणक घेण्याची वेळ येईल, तेव्हा वडीलमंडळींच्या वतीने चार प्रश्न अवश्य विचारा : परवाना किती यंत्रांसाठी आहे? तो दुसऱ्या यंत्रावर नेता येईल काय? पक्की पावती मिळेल काय? आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या कोठवर मिळत राहतील? विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. परवाना कायम राहिला, दुरुस्ती थांबली. सौदा करण्यापूर्वी अटी पाहणे ही बागायतदाराच्या घरची जुनी शिकवण आहे. संगणकाच्या बाबतीतही ती तशीच उपयोगी पडते.