बोटीवरचा टीव्ही लागत नाही तेव्हा

(सामुदायिक रेडिओवरून दिलेले भाषण)



मागे आपण गटाच्या हिशेबाच्या वहीबद्दल बोललो होतो. आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या बायांना हे कुणी सांगितलं? विषय आहे, बोटीवरचा बंद पडलेला टीव्ही. पण हा विषय आमच्याकडे कर्जाच्या अर्जातून आला, आणि टीव्हीपेक्षा बरंच मोठं काहीतरी शिकवून गेला. म्हणून शेवटपर्यंत ऐका.

आमचे गट भाईंदर पश्चिमेपासून उत्तनच्या कोळीवाड्यापर्यंत आहेत. दरवर्षी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. या दिवसांत बोटींची डागडुजी होते, जाळी विणली जातात आणि गटात कर्जाची मागणी वाढते. अशाच एका जुलै महिन्याच्या शेवटी आमच्या एका ताईने दहा हजारांचं कर्ज मागितलं. कशासाठी? बोटीवरचा टीव्ही बंद पडला होता. दुरुस्तीवाल्याने बोटीवर येऊन पाहिलं आणि सांगितलं, "बोर्ड गेला, नवा घ्या."

आता तुम्हाला वाटेल, बोटीवर टीव्ही ही चैन आहे. पण आठ-आठ दिवस समुद्रात राहणाऱ्या खलाशांना विचारा. जाळं टाकून वाट बघायची, तेव्हा पेन ड्राइव्हवरचा एखादा सिनेमा हाच विरंगुळा. टीव्ही नसलेल्या बोटीवर खलाशी टिकत नाहीत, असं ती ताई म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं.

पण त्याच बैठकीत आणखी दोन अर्ज होते. एकीला सुक्या मासळीच्या धंद्यासाठी भांडवल हवं होतं, दुसरीला मुलाच्या फीसाठी पैसे. गटात तिघींना पुरतील एवढे पैसे नव्हते. तेव्हा आम्ही ठरवलं, नवा टीव्ही घेण्याआधी जुना खरंच गेलाय का, ते बघू. ताईला राग आला. "माझ्यावर विश्वास नाही का?" म्हणाली. विश्वास तिच्यावर होता, निदानावर नव्हता.

आधी टीव्ही घरी आणा

पहिलं काम आम्ही अगदी साधं केलं. टीव्ही बोटीवरून काढून ताईच्या घरी आणला आणि भिंतीतल्या सॉकेटला लावला. झटकन सुरू झाला! चित्रही आलं, आवाजही आला. म्हणजे बोर्ड गेलेला नव्हता. दोष टीव्हीच्या बाहेर होता.

ही खूणगाठ बांधून ठेवा. बोट असो, खाण्याचे पदार्थ विकायची गाडी असो, की हल्ली पर्यटनासाठी निघालेली, आत झोपायची सोय असलेली कॅराव्हॅन असो, चाकांवरचा किंवा पाण्यावरचा टीव्ही बॅटरीवर चालतो. तो बंद पडला तर आधी त्याला चांगल्या वीजपुरवठ्यावर लावून बघा. तिथे चालला, तर नव्या टीव्हीचे पैसे वाचले. टीव्ही थेट १२ व्होल्टचा असेल तर मात्र त्याला घरच्या सॉकेटमध्ये तसाच लावू नका, जळेल. त्याचा स्वतःचा अडॅप्टर असेल तरच लावा.

विजेची वाट

आता बोटीवरच्या विजेची वाट समजून घेऊ. बॅटरीतून वीज निघते, फ्यूजमधून जाते, वायरीने बटणांच्या फळीपर्यंत येते. तिथून इन्व्हर्टरमध्ये. इन्व्हर्टर १२ व्होल्टचे २३० व्होल्ट करतो आणि टीव्हीला देतो. या वाटेत कुठेही अडथळा आला की टीव्ही लागत नाही.

हे आपल्याला पाण्यावरून चटकन कळेल. मीरा-भाईंदरमध्ये पाण्याचा दाब कमी असला की काय होतं, ते आपल्याला कुणी शिकवायला नको. खालच्या नळाला धार असते, पण वर पाणी चढत नाही. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब. अँपिअर म्हणजे किती पाणी वाहतंय ते. टाकी भरलेली असली तरी पाइप गंजून अरुंद झाला असेल, तर नळ थोडा सोडला की धार बरी येते, आणि पूर्ण सोडला की दाब पडतो.

नेमकं इथेच आम्हीही चुकलो. बोटीवर गेलो तेव्हा फळीवर मोबाईल चार्जिंगला लावून पाहिला. चार्ज होत होता. आम्ही म्हटलं, "वीज आहे, म्हणजे इन्व्हर्टर खराब." पण मोबाईलला पाच-दहा वॉट पुरतात. चोवीस इंची एलईडी टीव्हीला साधारण तीस-चाळीस वॉट लागतात, आणि इन्व्हर्टर स्वतः थोडी वीज खातो ते वेगळं. म्हणजे बॅटरीतून चार-एक अँपिअर ओढले जातात, सुरू होताना क्षणभर त्याहून जास्त. बारीक धारेवर मोबाईल भागतो, टीव्ही नाही भागत.

मल्टिमीटर काय बोलला

मग आम्ही मल्टिमीटर आणला. दोन-तीनशे रुपयांत मिळतो. त्याचा काटा डीसी २० व्होल्टवर ठेवायचा, लाल टोक बॅटरीच्या अधिकला, काळं टोक उणेला. टीव्ही बंद असताना आकडा बघायचा:

- १२.६ किंवा थोडा वर: बॅटरी भरलेली.
- १२.२ च्या आसपास: अर्धी.
- ११.९ च्या खाली: जवळजवळ रिकामी.
- इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४: चार्जिंग नीट होतंय. १२.५ वरच अडकला असेल तर चार्जिंगमध्ये दोष.

इंजिन नुकतंच बंद केलं असेल तर आकडा खोटा चढलेला दिसतो. तासाभराने मोजा.

आमच्या ताईच्या बोटीची बॅटरी १२.४ दाखवत होती. म्हणजे ठीक. मग टीव्ही चालू करायला सांगितलं आणि दोन ठिकाणी मोजलं. बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर १२.२. आणि फळीवर, जिथून इन्व्हर्टरला वीज जाते तिथे, १०.२! इन्व्हर्टरने एक शिट्टी मारली, टीव्हीचा लाल दिवा लुकलुकला आणि गेला. बहुतेक इन्व्हर्टर साडेदहा व्होल्टच्या आसपास आपोआप बंद होतात, बॅटरी पार पिळली जाऊ नये म्हणून. इन्व्हर्टर आपलं काम चोख करत होता. दोन व्होल्ट वाटेत हरवत होते.

म्हणून लक्षात ठेवा, नुसतं बंद असताना मोजून भागत नाही. उपकरण चालू करताना मोजायचं, आणि बॅटरीपाशी व फळीपाशी असं दोन्हीकडे.

चोर सापडला

बॅटरीच्या अधिकच्या खुंटीवर पांढरी-हिरवी पूड जमली होती. खाऱ्या हवेत हे होतंच. तिथली वायर सोलून बघितली तर आतलं तांबं काळं-हिरवं पडलं होतं. वरून प्लास्टिक धडधाकट, आत गंज. आणि पुढे फ्यूजच्या जागी काय होतं? सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद, गुंडाळी करून बसवलेला. कधीतरी फ्यूज उडाला, नवा जवळ नव्हता, कुणीतरी तात्पुरतं केलं आणि ते तसंच राहिलं.

फ्यूज हा मुद्दाम कच्चा ठेवलेला दुवा असतो. वायर तापण्याआधी तो वितळतो आणि वीज तोडतो. त्याच्या जागी कागद किंवा जाड तार घातली, तर वितळायची पाळी वायरीवर येते. डिझेलच्या टाकीजवळ, जाळ्यांच्या ढिगाखाली. याहून जास्त सांगायला नको.

आणि मग वायरलेस

इथवर टीव्हीची गोष्ट झाली. पण तांडेलांच्या मनात शंका आली. त्याच फळीवरून वायरलेस चालत होता. ते म्हणाले, "वायरलेस तर रोज लागतो, आवाज येतो." आम्ही म्हटलं, एकदा बोलून बघा. त्यांनी बोटी आपसात बोलतात त्या चॅनलवर बोलायचं बटण दाबलं आणि वायरलेसचा दिवा मंदावून गेला. सेट बंद!

कारण तेच. वायरलेसवर नुसतं ऐकायला अर्धा अँपिअरही लागत नाही. पण बोलायला, पूर्ण ताकदीवर, पाच-सहा अँपिअर लागतात. म्हणजे ती बोट १ ऑगस्टला समुद्रात गेली असती, तर तिला सगळ्यांचं ऐकू आलं असतं, पण संकटात हाक मारता आली नसती. बिघाड टीव्हीचा नव्हताच. टीव्ही आधी बोलला, एवढंच. आणि आपण नवा टीव्ही आणला असता, तर तोही लागला नसता, आणि वायरलेसचं कुणाला कळलंच नसतं.

त्या दिवशी ताई काही बोलली नाही. तिचा नवरा आणि दीर दोघंही त्या बोटीवर जातात.

दुरुस्ती, आणि हात कसे जपायचे

दिराने आणि बंदरावरच्या वायरमनने मिळून काम केलं. गंजलेली वायर काढून जाड नवी टाकली, टोकाला नवा लग दाबून बसवला, खरा फ्यूज घातला आणि दोन जादा फ्यूज फळीला चिकटवून ठेवले. सामानाला चारशेच्या आत खर्च आला. फळीवर मोजलं, टीव्ही चालू असताना १२ व्होल्ट. वायरलेसही बोलू लागला.

हे काम करताना काही गोष्टी पाळायच्याच:

- हातातल्या धातूच्या बांगड्या, अंगठी, लोंबणारं मंगळसूत्र आधी काढून ठेवा. बॅटरीच्या दोन खुंट्यांमध्ये धातू आला की क्षणात लालबुंद होतो.
- वायर सोडताना उणेची आधी सोडा, जोडताना उणेची शेवटी जोडा.
- बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. जवळ विडी, काडी, दिवा नको.
- खुंटीवरची पूड खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, ते पाणी बॅटरीच्या झाकणातून आत जाऊ देऊ नका. कोरडी करून घट्ट जोडा, वरून व्हॅसलिन लावा. अंगावर ॲसिड उडालं तर भरपूर साध्या पाण्याने धुवा.
- इन्व्हर्टरमधून निघणारे २३० व्होल्ट घरातल्या विजेइतकेच जीवघेणे. ओल्या हाताने हात लावू नका.
- टीव्हीची पाठ उघडू नका. वायर काढल्यावरही आत वीज साठून राहते.

घरचा टीव्ही लागत नसेल तर

तुमच्यापैकी बहुतेकींकडे बोट नाही, टीव्ही मात्र आहे. तेव्हा थोडक्यात सांगतो.

लाल दिवा पेटलेला आहे, पण टीव्ही लागत नाही? रिमोट तपासा. मोबाईलचा सेल्फी कॅमेरा सुरू करून रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरा आणि बटण दाबा. पडद्यावर जांभळट ठिपका चमकला तर रिमोट चालतोय. नाहीतर सेल बदला. टीव्हीच्या खाली किंवा मागे बटण असतं, तेही दाबून बघा.

लाल दिवाच नाही? त्याच सॉकेटला टेबलफॅन लावून बघा. सॉकेट ठीक असेल तर टीव्हीचा प्लग काढा, टीव्हीचं बटण तीस सेकंद दाबून धरा, पाच मिनिटं थांबा, मग पुन्हा लावा. अनेकदा एवढ्यावर सुरू होतो.

आवाज येतो, पण पडदा काळा? खोलीत अंधार करून पडद्यावर तिरकी बॅटरी मारा. अंधुक चित्र दिसलं तर मागचे दिवे गेलेत. ते बदलून मिळतात. आधी खर्च विचारा. पण काचेचा पॅनेलच फुटला असेल, तर त्यावर पैसे घालण्यात सहसा अर्थ नसतो. आणि टीव्ही वॉरंटीत असेल तर बाहेर कुणालाही उघडू देऊ नका. बिल सांभाळा. कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५.

शेवटी गटाचं

ताईने अर्ज मागे घेतला. ते पैसे मासळीच्या भांडवलाला आणि फीला गेले. पण ठरावाच्या वहीत आम्ही आणखी एक ओळ लिहिली, गटासाठी एक मल्टिमीटर घ्यायचा. आता तो गटाच्या पेटीत, शिक्क्याशेजारी असतो. बंदीच्या दिवसांत तो घरोघर फिरतो. कुणी नेला, कधी परत आणला, याची नोंद असते. मोजायला पहिल्यांदा आम्हीही घाबरलो होतो. आता ती ताईच बाकीच्यांना शिकवते.

तुमच्या घरचं कुणी समुद्रावर जात असेल, तर १ ऑगस्टच्या आधी एवढं करा. वायरलेसवर नुसतं ऐकू नका, बटण दाबून बोलून बघा. संकटाचा चॅनल १६ आहे, तो चाचणीसाठी वापरू नका, पण तो माहीत हवा. तटरक्षक दलाचा नंबर १५५४ आहे, तो फळीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. आणि टीव्हीसाठी जमलं तर वेगळी बॅटरी ठेवा. सिनेमा संपता संपता इंजिन सुरू करायची ताकद संपायला नको.

पुढच्या वेळी भेटू. तोवर आपापल्या घरचा फ्यूज एकदा बघून ठेवा. नमस्कार!