खूण करा, पण सगळ्यांदेखत

मेंढीकोटात भिडूला डोळा मारताना कुणी सापडला, तर समोरचे पानं आपटून उठतात. डाव कोल्हापूरकडच्या बिद्री-मुदाळच्या बाजूला असो की मुंबईच्या लोकलमध्ये, हा कायदा कुणी लिहून ठेवायची गरज पडलेली नाही. ब्रिजमध्ये मात्र भिडूला खुणा करणं हा खेळाचाच भाग आहे. अटी दोन. खूण फक्त पानानेच करायची, आणि समोरच्यांनी विचारलं तर तिचा अर्थ सांगायचा.

या खुणांची खरी कसोटी लागते ती ‘नो ट्रम्प’, म्हणजे बिनहुकुमी डावात. हुकूम नसला की कापाकापी नाही. लांब रंगातली तिर्री-चव्वीसुद्धा शेवटी हात करून जाते. त्यामुळे डाव शर्यतीचा होतो: थ्री नो ट्रम्प बोललेल्याला, म्हणजे डिक्लेअररला, नऊ हात हवेत, आणि त्याआधी बचाव करणाऱ्यांना आपला लांब रंग मोकळा करून पाच हात काढायचे असतात.

म्हणूनच उतारी (डावातली पहिली खेळी) बहुधा सगळ्यात लांब रंगातल्या वरून चौथ्या पानाची होते. या सवयीतून आर. एफ. फॉस्टर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘अकराचा नियम’ मांडला. उतारी सत्तीची असेल तर 11 मधून 7 वजा करा. उरले 4. म्हणजे उरलेल्या तिघांकडे मिळून त्या रंगाची सत्तीहून मोठी चारच पानं आहेत. डमीतली, म्हणजे डिक्लेअररच्या भिडूची टेबलावर उघडी मांडलेली, आणि स्वतःची मोजली, की डिक्लेअररकडे किती आहेत हे भिडूला कळतं.

पण उतारीचाच रंग पुढे रेटायचा की बदलायचा? समजा, तुमच्याकडे इस्पिकचे राजा, राणी, दश्शी, सत्ती, तिर्री आहेत. तुम्ही राजा उतरलात. डमीत छक्की आणि पंजी, भिडूने टाकली दुर्री, डिक्लेअररने चव्वी. राजाने हात केला, एक्का दिसलाच नाही. राणी खेळायचा मोह होतो, पण दुर्री काय सांगते ते आधी ऐका. नेहमीच्या पद्धतीत मोठं पान म्हणजे ‘चालू ठेव’ आणि लहान म्हणजे ‘मला इथे रस नाही’. भिडूकडे गुलाम नाही. म्हणजे डिक्लेअरर एक्का आणि गुलाम घेऊन दबा धरून बसला आहे. तुम्ही पुन्हा इस्पिक खेळलात तर त्याला एकाऐवजी दोन हात मिळतील. ‘बाथ कू’ या नावाने हा सापळा ब्रिजच्या पूर्वजाच्या, व्हिस्टच्या, जमान्यापासून प्रसिद्ध आहे.

अशा वेळी रंग बदलायचा, आणि तोही भिडूच्या हातात डाव जाईल असा. डमीत बदाम कमकुवत दिसत असेल तर बदाम खेळा. भिडूने बदामच्या एक्क्याने हात घेऊन इस्पिकची नव्वी परत केली, की डिक्लेअररचे एक्का-गुलाम तुमच्या राणी-दश्शीच्या कात्रीत सापडतात. एक्का लावला तर गुलाम पडतो, गुलाम लावला तर राणी खाते. दोनाचा एकच हात उरतो.

दुसरी खूण मोजणीची. डिक्लेअररने सुरू केलेल्या रंगात आधी मोठं, मग लहान पान टाकलं तर संख्या सम. आधी लहान, मग मोठं तर विषम. डमीत चौकटचे राजा, राणी, गुलाम, दश्शी, नव्वी आहेत, एक्का आणि आणखी दोन पानं तुमच्याकडे, आणि डमीत जायला दुसरी वाट नाही. भिडूने तीन पानं दाखवली तर डिक्लेअररकडे दोनच उरतात. एक्का दुसऱ्या फेरीला घ्यायचा. डमीतली उरलेली चौकट तिथेच अडकून पडते.

तिसरी ‘स्मिथ’ खूण, खास बिनहुकुमी डावातली. डिक्लेअररने पहिल्यांदा काढलेल्या रंगात आधी मोठं पान टाकून भिडू सांगतो, की तुझी उतारी मला आवडली. काही जोड्या हे सगळं उलटं खेळतात. तेही चालतं, फक्त प्रतिस्पर्ध्यांपासून लपवायचं नाही.

लपवलं तर काय होतं, हे 2015 मध्ये जगाने पाहिलं. इस्रायलच्या फिशर-श्वार्ट्झ जोडीवर, पानांचा बोर्ड टेबलावर कुठे ठेवायचा यातून उतारीचा रंग सुचवल्याचा आरोप झाला. मोनॅकोकडून खेळणाऱ्या फान्तोनी-नुनेस जोडीवर, पान उभं की आडवं ठेवलं यातून मोठ्या पानाची खबर दिल्याचा. त्याच वर्षी चेन्नईत झालेल्या जागतिक स्पर्धेत इस्रायल आणि मोनॅकोचे संघ उतरलेच नाहीत. दोन्ही आरोपांत सांगायची गोष्ट नेहमीच्या खुणांसारखीच होती: कुठला रंग खेळावा, मोठं पान आहे की नाही. फरक होता तो आडून सांगण्याचा.

उघड खुणेची किंमतही मोजावी लागते, कारण ती डिक्लेअररही वाचतो. म्हणून मुरलेले खेळाडू प्रत्येक पानाला बोलत नाहीत. भिडूला निर्णय घ्यायचा असेल तेव्हाच बोलतात. 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारताच्या पुरुष संघाने रौप्यपदक मिळवलं. अशा पातळीवर प्रश्न खूण माहीत असण्याचा नसतो, गप्प कधी बसायचं याचा असतो. नव्या जोडीने मात्र सुरुवात साधी करावी: पहिल्या उतारीला आवड-नावड, डिक्लेअररच्या रंगात मोजणी. एवढं दोघांनी डावाआधी ठरवलं, तरी राणी खेळायचा मोह बराचसा आवरतो.