रॉकेट तयार आहे, गिऱ्हाईक कुठे आहे?

आज आपल्याला रॉकेटकडे जरा दुकानदाराच्या नजरेने पाहायचं आहे. खासगी कंपनीचं रॉकेट उडालं की बातमी येते, टाळ्या वाजतात. पण कंपनीच्या हिशेबनिसाला वेगळीच चिंता असते: वर्षातून किती वेळा उडणार, आणि दर वेळी पैसे कोण देणार?

एखादं मंगल कार्यालय डोळ्यांसमोर आणा. मुहूर्त असो वा नसो, इमारतीचं कर्ज, वॉचमनचा पगार, वीजबिल चालूच. वर्षात साठ लग्नं लागली तर तो खर्च साठ ठिकाणी वाटला जातो. चारच लागली तर मालक बुडाला. रॉकेटचं अगदी तसंच आहे. प्रक्षेपणतळ, चाचणीचे स्टँड, शेकडो इंजिनिअर यांचा खर्च उड्डाण झालं नाही म्हणून थांबत नाही.

व्हर्जिन ऑर्बिटचं उदाहरण घेऊ. बोइंग ७४७ विमानाच्या पंखाखाली रॉकेट टांगायचं आणि आकाशातूनच सोडायचं, अशी त्यांची पद्धत. तंत्र चालत होतं बरं का! सहापैकी चार उड्डाणं यशस्वी झाली. पण २०२२ या अख्ख्या वर्षात उड्डाणं किती? दोन. जानेवारी २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलहून केलेलं उड्डाण इंधनाच्या वाटेवरचा एक फिल्टर जागचा हलल्यामुळे फसलं. मार्चअखेर सुमारे ६७५ माणसांना घरी पाठवलं आणि एप्रिलमध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. दोष फिल्टरवर टाकणं सोपं आहे. आम्हाला वाटतं, गाठीला पैसा आणि पुढे रांगेत गिऱ्हाइकं असती तर एवढ्याने कंपनी बुडाली नसती.

कारण अपयश सगळ्यांनाच आलंय. स्पेसएक्सची पहिली तीन रॉकेटं वाया गेली. चौथं २८ सप्टेंबर २००८ ला कक्षेत पोचलं. पण कंपनी तरली ती त्याच डिसेंबरात नासाने दिलेल्या कंत्राटावर: अंतराळ स्थानकापर्यंत सामान नेण्याच्या १२ फेऱ्या, १६० कोटी डॉलर. इथे एक बारकावा आहे. नासाने रॉकेट विकत घेतलं नाही, वाहतूक विकत घेतली. माल पोचवा, ठरलेलं भाडं घ्या. त्या एका कागदामुळे पुढच्या कित्येक वर्षांचं काम पक्कं झालं.

पुढे त्यांनी पहिला टप्पा परत उतरवून पुन्हा वापरायला सुरुवात केली. स्वस्त झालं, हे तर सगळ्यांना माहीत आहे. पण रॉकेट पुन्हा वापरायचं तर तेवढा मालही हवा ना! जगात तेवढे उपग्रह नव्हतेच. मग त्यांनी स्वतःच गिऱ्हाईक उभं केलं: स्टारलिंक. २०२४ मध्ये फाल्कन रॉकेटांची सव्वाशेहून जास्त उड्डाणं झाली, त्यातली जवळपास दोन तृतीयांश स्टारलिंकसाठी. म्हणजे तो उड्डाणांचा आकडा पाहून 'बाजार केवढा मोठा!' असं कोणी म्हणालं तर जरा थांबा. त्यातला बराचसा माल घरचाच आहे, दुसऱ्या कंपनीला तो मिळणार नाही.

आता छोट्या रॉकेटवाल्यांची अडचण बघा. फाल्कनवर इतरांसोबत जागा घ्यायची सोय सुरू झाली तेव्हा २०० किलोंना १० लाख डॉलर, म्हणजे किलोला ५,००० डॉलर असा भाव होता. जानेवारी २०२१ मध्ये अशा एकाच फेरीत १४३ उपग्रह गेले. रॉकेट लॅबचं इलेक्ट्रॉन सुमारे ३०० किलो नेतं आणि त्याची किंमत तेव्हा ७५ लाख डॉलरच्या घरात होती. किलोला २५,०००. पाचपट! तरी लोक घेतात, कारण एसटी थांब्यावर सोडते, स्पेशल गाडी दारात. हवी ती कक्षा, हवी ती तारीख. पण रोज स्पेशल गाडी करणारे किती असणार? रॉकेट लॅबने ते वेळीच ओळखलं. उपग्रहांचे भाग आणि सौरपटल बनवणाऱ्या कंपन्या विकत घेतल्या, आणि आज उड्डाणांपेक्षा त्या बाजूची कमाई जास्त आहे.

हे सगळं आपल्याकडे का सांगायचं? हैदराबादच्या स्कायरूटने १८ नोव्हेंबर २०२२ ला विक्रम-एस उडवलं, चेन्नईच्या अग्निकुलने ३० मे २०२४ ला श्रीहरिकोट्याहून आपलं रॉकेट उडवलं. दोन्ही उड्डाणं कक्षेपर्यंत जाणारी नव्हती, तंत्राची परीक्षा होती. पण तिथे चांगल्या नोकऱ्या सोडून आलेली पोरं आहेत, गुंतवणूकदारांचे पैसे आहेत. सरकारने दारं उघडली: इन-स्पेस आलं, २०२३ चं धोरण आलं, २०२४ मध्ये परदेशी गुंतवणुकीचे नियम सैल झाले. त्याच वेळी इस्रोच्या छोट्या रॉकेटचं, एसएसएलव्हीचं, तंत्रज्ञान २०२५ मध्ये ५११ कोटींच्या बोलीवर एचएएल या सरकारी कंपनीकडे गेलं. म्हणजे ५०० किलोंच्या गाडीला आता घरातलाच तगडा स्पर्धक. उघडलेल्या दारातून कोण आत आलं, याची चर्चा खूप होते. सरकार स्वतः खरेदीला कधी येणार, याची कमी. त्यातल्या त्यात टेहळणीच्या ५२ उपग्रहांची योजना मंजूर झाली आणि त्यातले ३१ खासगी कंपन्यांनी बनवायचे ठरले, ही खरी ऑर्डर. पण तीही उपग्रह बनवणाऱ्यांना. रॉकेटवाल्यांच्या हाती अजून तसा कागद पडायचा आहे.

आणि एक गोष्ट आपल्या अगदी शेजारची. विक्रोळीला गोदरेजमध्ये इस्रोची विकास इंजिनं बनतात, इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला रॉकेट मोटरची कवचं. या कारखान्यांवर कधी मथळे येत नाहीत. रॉकेट कोणाचंही उडो, कवच आणि इंजिन कोणाकडून तरी घ्यावंच लागतं, आणि यांचे बाकीचे धंदे चालू असल्यामुळे अंतराळाची ऑर्डर एखादं वर्ष आली नाही तरी शटर खाली येत नाही. आपल्यापैकी जे यंत्रकामात आहेत, त्यांनी या क्षेत्रात शिरायचं तर ही वाट आधी पाहावी असं आम्हाला वाटतं. तिथे अडतं ते गुणवत्तेच्या प्रमाणपत्रांपाशी; त्याला वर्षं लागतात, आणि बँकेला ते समजावणं हा आणखी एक ताप. त्याबद्दल प्रश्न असतील तर आता घेऊया.